दुर्धर क्षयरोगाच्या उपचारात परिचारिकेचे स्थान



क्षयरोग बरा होतो, हे वाक्य आपल्याकडील आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे लिहिलेले आहे आणि ते खरेही आहे. मात्र त्या वाक्यात एक अट अध्याहृत आहे. योग्य औषधे, योग्य प्रमाणात, ठरलेला संपूर्ण काळ घेतली गेली तरच क्षय बरा होतो. ही अट जेथे मोडते तेथे जंतू औषधाला सरावतो आणि औषधांना दाद न देणारा क्षयरोग उद्भवतो. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन ही क्षयावरील दोन प्रमुख औषधे होत. या दोहोंनाही न जुमानणाऱ्या जंतूमुळे होणाऱ्या रोगास बहुऔषधप्रतिरोधी क्षयरोग म्हणतात. हा जंतू खोकल्यावाटे हवेतून पसरतो. त्यामुळे ज्या माणसाने उपचारात कधीही हयगय केलेली नाही, किंबहुना ज्याने क्षयाची एकही गोळी कधी घेतलेली नाही, त्यालाही थेट हाच दुर्धर रोग जडू शकतो.

एचआयव्हीच्या विषाणूने शरीराची प्रतिकारशक्ती खालावली म्हणजे क्षयाला मोकळे रान मिळते. हे दोन्ही रोग एकाच देहात एकत्र आले की उपचाराचा प्रश्न दुपटीने नव्हे, कितीतरी पटींनी बिकट होतो. अशा रुग्णाच्या उपचाराची सूत्रे परिचारिकेच्या हाती द्यावीत काय, दिल्यास ती कशी द्यावीत, याचा सर्वांत मोठा अनुभव दक्षिण आफ्रिकेने घेतला आहे. तो अनुभव समजून घेण्याजोगा आहे.

तुगेला फेरीची घटना

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात तुगेला नदीच्या काठी म्सिंगा नावाचा डोंगराळ, दरिद्री भाग आहे. तेथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जोहान्सबर्गकडील खाणींत कामाला जात आले. या भागातील तुगेला फेरी या गावी एक ग्रामीण रुग्णालय आहे. एचआयव्हीवरील औषधे नियमितपणे घेत असूनही काही रुग्ण क्षयाने दगावत आहेत, असे तेथील डॉक्टरांच्या ध्यानी आले. जानेवारी २००५ ते मार्च २००६ या काळात केलेल्या पाहणीत २२१ रुग्णांना बहुऔषधप्रतिरोधी क्षयरोग आढळला. त्यांपैकी ५३ जणांचा जंतू त्या वेळी उपलब्ध असलेल्या बहुतेक सर्व प्रमुख औषधांना दाद देत नव्हता. या ५३ पैकी ५२ रुग्ण मरण पावले. ज्या ४४ जणांची एचआयव्ही तपासणी झाली होती ते सर्वच्या सर्व बाधित निघाले. तपासणीसाठी बेडका दिल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ निम्म्या रुग्णांच्या बाबतीत सुमारे १६ दिवसांहून अधिक नव्हता. त्या काळी जंतूची वाढ करून औषधांची परीक्षा करण्यास कित्येक आठवडे लागत. साहजिकच अनेकांचा अहवाल त्यांच्या मागे आला.

२००६ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा जगभर खळबळ उडाली. त्या माहितीतील एक गोष्ट विशेष विचार करायला लावणारी होती. या ५३ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी पूर्वी क्षयाचा उपचार कधीच घेतलेला नव्हता. मात्र त्यांच्यातील बहुतेकांचे जंतू एकाच घराण्याचे होते आणि त्यांच्यापैकी अनेक जण अलीकडेच कोणत्या ना कोणत्या कारणाने रुग्णालयात राहून गेले होते. म्हणजे जेथे बरे होण्यासाठी जायचे तेथेच हा रोग अनेकांना जडला असण्याचा दाट संभव होता.

कुंपण आणि प्रतीक्षायादी

त्या काळी अशा रुग्णांवर उपचार करण्याची रूढ पद्धत म्हणजे प्रांतातील मध्यवर्ती विशेष रुग्णालयात त्यांना महिनोन्‌महिने ठेवणे ही होती. उपचाराचा एकूण काळ १८ ते २४ महिन्यांचा. त्यात पहिले सहा महिने बहुधा रोज एक इंजेक्शन. खाटा थोड्या आणि रुग्ण अधिक. त्यामुळे प्रतीक्षायाद्या वाढत गेल्या. खाट मिळेपर्यंत रुग्ण आपल्या झोपडीत, मुलाबाळांत खोकत राही. ज्याला खाट मिळे त्याच्या घरची चूल थंडावे.

डिसेंबर २००७ मध्ये पूर्व केप प्रांतातील पोर्ट एलिझाबेथ या शहरातील एका क्षयरुग्णालयाचे काटेरी कुंपण तोडून रुग्ण बाहेर पडले. या शहराचे नाव २०२१ पासून खेबेर्हा असे झाले आहे. नाताळचा सण जवळ आला होता आणि त्यांना घरी जायचे होते. या घटनेकडे बेजबाबदारपणा म्हणून पाहता येईल. परंतु दोन वर्षांचा उपचार केवळ कुंपणाच्या भरवशावर पुरा होत नाही, हेच तिच्यातून दिसून आले.

दक्षिण आफ्रिकेच्या शासनाने २०११ मध्ये धोरण बदलले. या रुग्णांचे उपचार मध्यवर्ती रुग्णालयांतून जिल्हा व तालुका पातळीवर आणावेत आणि शक्य तेथे रुग्णाने घरी राहून औषधे घ्यावीत, असे ठरले. त्याच वर्षापासून दोन तासांच्या आत क्षयजंतू आणि त्याचा रिफॅम्पिसिनला असलेला प्रतिरोध दाखविणारे जीनएक्स्पर्ट यंत्र देशभर बसविण्यास प्रारंभ झाला. आता रोग लवकर कळणार होता आणि उपचार जवळ येणार होते. प्रश्न एवढाच उरला की ते करणार कोण? ग्रामीण दक्षिण आफ्रिकेत डॉक्टरांची संख्या तुटपुंजी होती. परिचारिका मात्र प्रत्येक दवाखान्यात होती. आपल्याप्रमाणेच तेथेही लोक तिला 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात.

एका देहाचे दोन कागद

परिचारिकेच्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी रुग्णाच्या बाजूने विचार करावा लागतो. क्षयाचा दवाखाना एका इमारतीत, एचआयव्हीचा दुसऱ्या. दोन्हीकडे वेगळा दिवस, वेगळी रांग, वेगळा कागद. एका कागदावर काय लिहिले आहे ते दुसरा कागद लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. औषधांना मात्र ही खातेवाटणी मान्य नसते. ती एकाच रक्तात भेटतात.

कॅनामायसिनचे इंजेक्शन मूत्रपिंडावर ताण आणते आणि एचआयव्हीवरील टेनोफोव्हिर या गोळीचाही परिणाम मूत्रपिंडावर होऊ शकतो. क्षयावरील लिनेझोलिड आणि एचआयव्हीवरील झिडोव्ह्युडिन ही दोन्ही औषधे रक्तक्षय घडवू शकतात. सायक्लोसेरीनमुळे काही रुग्णांना नैराश्य येते, भ्रम होतात. एफाव्हिरेन्झमुळेही मनावर आणि झोपेवर परिणाम होतो. शिवाय एफाव्हिरेन्झ बेडाक्विलिन या नव्या औषधाचे रक्तातील प्रमाण घटविते. म्हणून ही दोन औषधे एकत्र देत नाहीत. बेडाक्विलिन, क्लोफाझिमीन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. त्यासाठी वेळोवेळी ईसीजी काढावा लागतो.

तेव्हा दोन्ही कागद एकत्र ठेवून वाचणारी एक व्यक्ती असणे ही सोयीपुरती गोष्ट नाही. रुग्णाचा जीव त्यावर अवलंबून असतो. आणि ही व्यक्ती कोणीतरी नव्हे, तर नेमून दिलेली असली पाहिजे. जे काम सर्वांचे असते ते प्रत्यक्षात कोणाचेच नसते, हा अनुभव शासकीय कामात वावरणाऱ्यांना नवा नाही. एखाद्या जिल्ह्याला पालक अधिकारी नेमावा त्याप्रमाणे प्रत्येक रुग्णाला एक पालक परिचारिका नेमणे, हे या पद्धतीचे सार होय.

परिचारिका काय करते?

या परिचारिकेकडे ठराविक रुग्णांची यादी असते. प्रयोगशाळेचा अहवाल आला की रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता ती त्याला शोधून काढते. अहवाल आणि पहिली गोळी यांमध्ये जितके दिवस जातात तितके दिवस रुग्ण खंगतो आणि घरातील माणसे धोक्यात राहतात. एचआयव्हीची तपासणी झाली नसेल तर ती करवून घेते. बाधा असेल तर विषाणूरोधक औषधे वेळेवर सुरू होतील हे पाहते. क्षयाचे उपचार सुरू झाल्यानंतर पहिल्या आठ आठवड्यांच्या आत ही औषधे सुरू व्हावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक अनेक वर्षे होता. नंतर तो आणखी कडक करण्यात आला.

त्यानंतर खरे काम सुरू होते. दर भेटीत ती रुग्णाचे वजन घेते, बेडका पाठविते, रक्ताच्या तपासण्यांच्या तारखा सांभाळते. उलट्या होतात काय, पायांना मुंग्या येतात काय, नजर अंधुक झाली काय, रात्री झोप लागते काय, हे सारे विचारते. इंजेक्शनांच्या काळात ऐकू कमी येऊ लागले आहे काय, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता. कारण त्या औषधांनी अनेकांचे कान कायमचे निकामी केले. कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो, ही तक्रार वेळीच ऐकून घेणारे कोणी असेल तर औषध बदलता येत असे. कोणी नसेल तर रुग्ण क्षयातून वाचे, पण बहिरा होई. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेने या इंजेक्शनांऐवजी बेडाक्विलिनच्या गोळ्या देण्याचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले. असे करणारा तो पहिला देश होता.

रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही तर परिचारिका दूरध्वनी करते किंवा गावातील आरोग्य कार्यकर्तीला त्याच्या घरी पाठविते. तो का आला नाही याचे उत्तर बहुधा वैद्यकीय नसते. बसभाडे नव्हते, मजुरी बुडत होती, शेजाऱ्यांना कळेल अशी भीती वाटली, किंवा उपाशीपोटी इतक्या गोळ्या सोसत नव्हत्या. दक्षिण आफ्रिकेत काम करण्यास असमर्थ झालेल्या रुग्णाला शासनाकडून तात्पुरते अनुदान मिळू शकते. त्याचा अर्ज भरून घेणे हेही काम परिचारिकेकडे येते. घरातील लहान मुले आणि इतर माणसे यांची तपासणी तिलाच घडवून आणावी लागते. रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे गेला तर त्याची कागदपत्रे त्याच्या आधी तेथे पोहोचतील, ही दक्षताही तिचीच.

यांतील एकेक काम लहान दिसते. परंतु उपचार जेथे तुटतो तो याच लहान सांध्यांपाशी.

अनुभवाची कसोटी

ज्या तुगेला फेरीने जगाला हादरविले होते तेथेच या पद्धतीचा एक आरंभीचा प्रयोग झाला. रुग्णाला दीर्घकाळ रुग्णालयात न ठेवता परिचारिकांची फिरती पथके त्याच्या घरी जाऊन इंजेक्शने देऊ लागली. गोळ्यांवर घरातील एखाद्या व्यक्तीने किंवा आरोग्य कार्यकर्तीने लक्ष ठेवायचे आणि एचआयव्हीचे उपचार त्याच पथकाने पाहायचे, अशी योजना होती. दोन्ही रोगांवर एकाच वेळी नीट उपचार झाले तर एचआयव्हीबाधित रुग्णही इतरांच्या जवळपास त्याच प्रमाणात बरे होतात, असे क्वाझुलू-नाताळमधील नंतरच्या अभ्यासात दिसून आले. जेथे एकेकाळी ५३ पैकी ५२ रुग्ण दगावले त्या प्रांतातील हा निष्कर्ष आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

त्याच प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरील उगू जिल्ह्यात पुढचे पाऊल टाकण्यात आले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या परिचर्या महाविद्यालयाच्या सहकार्याने तेथे परिचारिकेने प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा करण्याची पद्धत आखून तपासली गेली. तिचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी डॉक्टरांच्या साहाय्याने स्वतः औषधयोजना केलेल्या रुग्णांची तुलना डॉक्टरांच्या रुग्णांशीही करण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उपचारांच्या फलितामध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. त्यानंतर क्वाझुलू-नाताळ आणि पूर्व केप या प्रांतांतील दहा रुग्णालयांत या पद्धतीची अधिक व्यापक चाचणी हाती घेण्यात आली.

अधिकाराविना जबाबदारी नको

या अनुभवाची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. उपचार जिल्ह्यात आणल्याबरोबर सर्वत्र सारखे यश आले असे नाही. कोठे चांगले काम झाले, कोठे नाही. इमारत जवळ आल्याने अंतर कमी होते, पण दुवा आपोआप जुळत नाही.

परिचारिकेवर जबाबदारी टाकायची तर तिला तीन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली म्हणजे अधिकार. एचआयव्हीवरील औषधे परिचारिकेने स्वतः सुरू करावीत, असे धोरण दक्षिण आफ्रिकेने २०१० मध्ये स्वीकारले होते. त्यामुळे दोन्ही रोगांच्या उपचारांची सांगड घालणे तिला शक्य झाले. तपासणी लिहून देण्याचा, अनिष्ट परिणाम दिसताच तातडीने डॉक्टरांना गाठण्याचा आणि रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठविण्याचा अधिकार नसेल तर ती केवळ नोंदवह्या भरणारी कारकून होईल. दुसरी गोष्ट म्हणजे कामाची मर्यादा. प्रसूतिकक्ष, लसीकरण आणि बाह्यरुग्ण विभाग सांभाळून उरलेल्या वेळात हे काम होणारे नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तिचे स्वतःचे संरक्षण. या रोगाने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये इतर जनतेच्या तुलनेत पाचपटींहून अधिक होते, असे क्वाझुलू-नाताळमधील एका अभ्यासात आढळले. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. उघड्या खिडक्या, योग्य प्रकारचा मुखपट्टा, खोकणाऱ्या रुग्णांची वेगळी बैठक आणि कर्मचाऱ्यांची नियमित तपासणी या बाबी खर्चाच्या यादीत शेवटी टाकण्यासारख्या नाहीत. डॉक्टरांचा तुटवडा स्वस्तात भागविण्याची युक्ती म्हणून परिचारिकेकडे पाहिले, तर अपयश आणि अन्याय दोन्ही पदरी पडतील.

आपल्या दृष्टीने

भारताला ही दिशा सर्वस्वी परकी नाही. रुग्णाला घरी ठेवून क्षयाचे उपचार करता येतात, हे जगाला दाखविले ते मद्रासने. १९५६ मध्ये तेथे सुरू झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यधामातील रुग्ण आणि दाट वस्तीत घरीच राहून औषधे घेणारे गरीब रुग्ण जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाल्याचे त्यांत दिसले. घरी जाऊन गोळ्या मोजणारे, लघवीची तपासणी करवून घेणारे आणि रुग्णाशी बोलणारे कर्मचारी हा त्या यशाचा कणा होता.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे राष्ट्रीय कार्यक्रमाखालील उपचार २००७ मध्ये प्रथम गुजरात आणि महाराष्ट्र या दोन राज्यांत सुरू झाले. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण जाहीर केले, तेव्हा त्या संज्ञेवर वाद झाला. रोगाचे गांभीर्य मात्र वादातीत होते. त्यानंतर औषधांच्या बाबतीत मोठी प्रगती झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराची शिफारस केली. भारत सरकारने २०२४ मध्ये त्यास मान्यता दिली. क्षयरुग्णाला पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्ती गावोगावी आहेत, जिल्ह्यात क्षय आणि एचआयव्ही यांचा समन्वय पाहणारे कर्मचारीही आहेत. साधने पुष्कळ आहेत. ती एका रुग्णाभोवती, एका व्यक्तीच्या जबाबदारीखाली एकत्र आणणे हा धडा आफ्रिकेच्या अनुभवातून घेण्यासारखा आहे.

चोवीस महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला म्हणून पाठपुराव्याची गरज संपत नाही. लिनेझोलिडने हातापायांच्या नसांवर किंवा दृष्टीवर होणारा परिणाम गोळ्यांच्या पाकिटाला कळत नाही. तो विचारणाऱ्या माणसालाच कळतो. आणि नवे औषध अर्धवट घेतले गेले तर जंतू त्यालाही सरावतो.

या कामात अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचा वाटा लहान नाही. गावात एखाद्या घरी असा उपचार सुरू असेल तर त्याची चर्चा चावडीवर होणार नाही, त्या घरातील मुलाला वर्गात वेगळे बसविले जाणार नाही, रुग्णाच्या प्रवासाची आणि पोषणाची रक्कम कागदांत अडकणार नाही, एवढे त्यांच्या हाती आहे. एचआयव्हीबाबत गुप्तता पाळणे हे तर कायद्यानेही बंधनकारक आहे. रुग्णाचे नाव पंचायतीला कळण्याची आवश्यकता नाही. त्याच्याकडे जाणाऱ्या परिचारिकेची वाट मोकळी असणे आवश्यक आहे.

तुगेला फेरीत २००५-०६ मध्ये ५२ माणसे दगावली. अहवाल लवकर मिळत नव्हता, जंतूवर चालणारी औषधे थोडी होती, आणि जी होती ती रुग्णापर्यंत वेळेत पोहोचत नव्हती. यंत्राने पहिली उणीव दूर केली आणि संशोधनाने दुसरी. तिसरी उणीव दूर करणे यंत्राच्या किंवा औषधाच्या हाती नाही. त्यासाठी रुग्णाच्या दारापर्यंत जाणारे माणूस लागते. त्या माणसाला नाव, वेळ, अधिकार आणि संरक्षण देणे हे शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य होय.